विश्लेषण : चंद्रशेखर यांनी आकाशगंगेतील चुंबकत्व कसे मोजले?

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे नाव घेतले की ‘चंद्रशेखर मर्यादा’ आणि १९८३ चे नोबेल पारितोषिक आठवते. मात्र ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेल्या वायू आणि धुळीच्या ढगांमधील चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या पद्धतीलाही त्यांचे नाव आहे, हे फारसे ठाऊक नसते. १९५३ मध्ये मांडलेली ही पद्धत आज अवरक्त दुर्बिणींच्या निरीक्षणांसाठी रोज वापरली जाते. गंमत म्हणजे तिच्या मुळाशी असलेला शोध लागला तो दुसरेच काही शोधताना. चंद्रशेखर यांनी एक भाकीत केले, ते तपासायला गेलेल्यांना भलतेच काही सापडले आणि त्यातून तारे कसे जन्मतात हे जाणण्याची एक वाट उघडली.

मुंबईहून निघालेला विद्यार्थी

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोरचा. वडील रेल्वेच्या लेखा विभागात अधिकारी होते, काका म्हणजे सर सी. व्ही. रामन. आई सीतालक्ष्मी यांनी इब्सेनच्या नाटकाचा तमिळ अनुवाद केला होता. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकताना चंद्रशेखर यांना इंग्लंडमध्ये संशोधनासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हा आई गंभीर आजारी होती. मुलाने थांबू नये, हा तिचाच आग्रह. ३१ जुलै १९३० रोजी त्यांनी मुंबई बंदरातून ‘पिल्स्ना’ हे जहाज पकडले. पुढच्याच वर्षी आई गेली; मुलाची आणि तिची भेट पुन्हा झाली नाही.

त्या प्रवासात १९ वर्षांच्या या तरुणाने केलेले गणित प्रसिद्ध आहे. इंधन संपल्यावर तारा आकसून ‘श्वेत बटू’ बनतो, असे तेव्हा मानले जाई. चंद्रशेखर यांच्या गणिताने या अवस्थेला वस्तुमानाची मर्यादा घातली. आजच्या आकड्यांनुसार सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जड गाभा श्वेत बटू म्हणून टिकू शकत नाही, तो आणखी कोसळत जातो.

एडिंग्टन वादानंतर काय झाले?

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखर यांनी हे निष्कर्ष मांडले. लगेच पुढचे भाषण सर आर्थर एडिंग्टन यांचे होते. त्या काळातील सर्वांत वजनदार खगोलशास्त्रज्ञाने या निष्कर्षाची भर सभेत खिल्ली उडवली. खासगीत अनेक भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या बाजूने होते, पण उघडपणे बोलायला कोणी पुढे आले नाही.

चंद्रशेखर यांनी भांडण वाढवले नाही. सप्टेंबर १९३६ मध्ये ललिता दोराईस्वामी यांच्याशी विवाह झाला आणि १९३७ च्या आरंभी दोघे अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या यर्कीस वेधशाळेत दाखल झाले. ताऱ्यांच्या रचनेवरील सगळे काम त्यांनी १९३९ मध्ये एका ग्रंथात बांधून ठेवले आणि तो विषय सोडला. एडिंग्टन यांच्याबद्दल मनात कटुता ठेवली नाही. १९४४ मध्ये त्यांच्या निधनानंतर आदरांजलीचे भाषणही केले.

पुढे हीच त्यांची रीत झाली. एक विषय निवडायचा, त्याची मुळापासून मांडणी करायची, ग्रंथ लिहायचा आणि नव्या विषयाकडे वळायचे. चाळीसच्या दशकात त्यांनी प्रकाशाचा विषय हाती घेतला. वायूच्या थरांतून जाताना प्रकाश कसा विखुरतो, हा त्यांचा प्रश्न होता.

प्रकाशाचे ध्रुवीकरण म्हणजे काय?

प्रकाश ही लहर आहे. ती पुढे जाते, पण तिचे कंपन आडव्या दिशांनी होते. दिव्यातून किंवा सूर्यातून निघालेल्या प्रकाशात ही कंपने सगळ्या दिशांना सारखी असतात. एखाद्या दिशेची कंपने जास्त उरली की प्रकाश ‘ध्रुवीकृत’ झाला असे म्हणतात.

हे घरबसल्या पाहता येते. बऱ्याच मोबाइल आणि लॅपटॉपच्या पडद्यांतून ध्रुवीकृत प्रकाश येतो. पोलराइज्ड गॉगल घालून पडदा हळूहळू फिरवला, तर एका कोनात तो गडद होतो. काही पडद्यांवर हा परिणाम कमी दिसतो.

दुसरा प्रयोग आकाशाचा. पावसानंतरच्या स्वच्छ हवेत, सूर्य मावळतीला असताना दौलताबादच्या किल्ल्यावर किंवा संभाजीनगरातल्या कोणत्याही गच्चीवर उभे राहून तोच गॉगल डोक्यावरच्या आकाशाकडे धरावा आणि फिरवावा. निळा रंग कमी-अधिक गडद होताना दिसेल. मात्र सूर्याकडे कधीही थेट पाहू नये. हवेच्या रेणूंनी सूर्यप्रकाश विखुरताना सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशातील प्रकाश सर्वाधिक ध्रुवीकृत होतो.

आकाशाच्या निळाईचे कारण लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्येच सांगितले होते. पण एकदा विखुरलेला प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, त्याचा नेमका हिशेब लागला नव्हता. तो चंद्रशेखर यांनी लावला. त्यासाठी जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये मांडलेल्या आणि जवळपास विस्मरणात गेलेल्या चार राशी त्यांनी पुन्हा वापरात आणल्या. आजही प्रत्येक ध्रुवणमापक उपकरणाचे निकाल या ‘स्टोक्स राशीं’तच लिहिले जातात.

शोधायला गेले काय, सापडले काय?

१९४६ मध्ये चंद्रशेखर यांनी हेच गणित अतितप्त ताऱ्यांना लावले. अशा ताऱ्यांच्या वातावरणात मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाश विखुरतात. त्यामुळे ताऱ्याच्या मधल्या भागातून येणारा प्रकाश साधा असला, तरी कडेचा प्रकाश सुमारे ११ टक्क्यांपर्यंत ध्रुवीकृत असायला हवा, असे भाकीत त्यांनी केले.

अडचण एवढीच की तारा दुर्बिणीतूनही बिंदूसारखाच दिसतो. सगळ्या कडांचा परिणाम एकमेकांना छेदून शून्य होतो. पण दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील आणि त्यातला एक दुसऱ्याला झाकत असेल, तर ग्रहणाच्या वेळी कडेचा फक्त काही भाग उघडा राहील आणि ध्रुवीकरण पकडता येईल. विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी ते शोधायला सुरुवात केली.

ध्रुवीकरण सापडले, पण ग्रहणाशी त्याचा संबंध नव्हता. ग्रहण असो वा नसो, ते तेवढेच राहत होते. ज्यांना ग्रहण लागतच नाही अशा ताऱ्यांच्या प्रकाशातही ते दिसू लागले. वाटेतल्या धुळीमुळे ज्यांचा प्रकाश तांबूस झाला आहे, त्या ताऱ्यांत ते प्रामुख्याने आढळत होते. १९४९ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे निष्कर्ष जाहीर केला : प्रकाशावरची ही खूण ताऱ्याची नसून वाटेतल्या धुळीची आहे.

धूळ दिशा कशी दाखवते?

ताऱ्यांच्या दरम्यानचे धूलिकण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. ते गोल असते, किंवा लांबट असूनही कसेही विखुरलेले असते, तर ध्रुवीकरण झाले नसते. म्हणजे ते लांबट आहेत आणि एका दिशेला रांगेत उभे आहेत. लेव्हरेट डेव्हिस आणि जेसी ग्रीनस्टाइन यांनी १९५१ मध्ये याचे कारण मांडले. स्वतःभोवती फिरणाऱ्या या कणांना आकाशगंगेचे चुंबकीय क्षेत्र शिस्त लावते आणि त्यांची लांब बाजू क्षेत्राला काटकोनात येते.

कणाच्या लांबीच्या दिशेतील कंपने जास्त अडतात, उरलेली पार होतात. म्हणून धुळीतून आलेल्या ताऱ्याच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण चुंबकीय रेषांना समांतर असते. अनेक ताऱ्यांसाठी ही दिशा नकाशावर आखली की त्या भागातील चुंबकीय रेषांचे चित्र उभे राहते. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकावा, तसे हे चित्र असते. आता प्रश्न उरला तो क्षेत्राच्या जोराचा.

दोरीच्या हेलकाव्यावरून ताण

शिकागोतच तेव्हा एन्रिको फर्मी होते. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांना एवढी ऊर्जा कुठून मिळते, या प्रश्नामुळे त्यांना आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात रस होता. चंद्रशेखर आणि फर्मी नियमित भेटून चर्चा करू लागले. जुलै १९५३ मध्ये त्यांचे दोन शोधनिबंध ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये आले. त्याच वर्षी चंद्रशेखर यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि मद्रासमधील वडील दुखावले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये फर्मी कर्करोगाने गेले.

दोघांची युक्ती समजायला कपडे वाळत घालायची दोरी पुरे. वारा सुटला की ताठ बांधलेली दोरी थोडीच हलते, सैल दोरी मोठे हेलकावे घेते. वाऱ्याचा जोर, दोरीचे वजन आणि हेलकाव्याचा कोन या तीन गोष्टी माहीत असतील, तर हात न लावता दोरीचा ताण सांगता येतो.

ढगातील चुंबकीय रेषा म्हणजे ही दोरी. वायूची खळबळ म्हणजे वारा. तिचा वेग वायूच्या वर्णपटावरून कळतो. वायूची घनता म्हणजे दोरीचे वजन. आणि ध्रुवीकरणाच्या दिशा एकमेकींपासून किती अंशांनी विस्कटल्या आहेत, तो हेलकाव्याचा कोन. दिशा जेवढ्या एकसारख्या, तेवढे क्षेत्र प्रबळ.

आकाशगंगेच्या सर्पिल भुजेसाठी त्यांनी खळबळीचा वेग सेकंदाला ५ किलोमीटर आणि दिशांचा विस्कळीतपणा सुमारे ११ अंश धरला. उत्तर आले सुमारे ७ मायक्रोगॉस. भारतात जमिनीवर होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या क्षेत्रापेक्षा हे ५० हजार पटींहून अधिक क्षीण आहे. तरीही आधुनिक मोजमापांतून आकाशगंगेच्या क्षेत्राचे मूल्य याच्या आसपासच, काही मायक्रोगॉस इतके येते. डेव्हिस यांनीही १९५१ मध्ये अशीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. त्यामुळे आज ही पद्धत ‘डेव्हिस-चंद्रशेखर-फर्मी पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

अवरक्त प्रकाशच का?

उन्हाळ्यात शहराच्या दिव्यांपासून दूर, वेरूळ-खुलताबादच्या पुढे गेल्यावर वृश्चिक राशीजवळ आकाशगंगेचा पट्टा दिसतो. त्यात काळे डाग आणि चिरा दिसतात. तिथे तारे नाहीत असे नाही. समोरच्या धुळीच्या ढगांनी ते झाकले आहेत. नवे तारे जन्मतात ते याच अंधारात. दृश्य प्रकाश तिथून बाहेर पडत नाही, म्हणून ढगाच्या फक्त विरळ कडांचीच मोजणी होऊ शकत होती.

अवरक्त किरणांची लहर लांब असते. आखूड लहरीचा निळा प्रकाश धुळीत जास्त अडतो, तांबडा कमी आणि अवरक्त त्याहून कमी. त्यामुळे निकट-अवरक्त किरणांत ढगाच्या पलीकडचे तारे दिसतात आणि त्यांचे ध्रुवीकरण ढगाच्या आतील चुंबकीय रेषा दाखवते.

ढगाचा गाभा याहूनही दाट असेल, तर तिथली थंड धूळच दिव्याचे काम करते. उणे अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपासची ही धूळ दूर-अवरक्त आणि त्याहून लांब लहरींत स्वतः चमकते. लांबट कण आपल्या लांबीच्या दिशेने जास्त प्रकाश सोडतात, म्हणून या वेळी ध्रुवीकरण चुंबकीय रेषांना काटकोनात येते. संशोधक ते ९० अंशांनी फिरवून नकाशा आखतात.

दूर-अवरक्त किरण पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प गिळून टाकते. त्यासाठी ‘नासा’ आणि जर्मनीने बोइंग ७४७ विमानात ‘सोफिया’ ही दुर्बीण बसवली होती. बहुतेक बाष्पाच्या वर, १२-१३ किलोमीटर उंचीवरून ती निरीक्षणे करी. २०२२ मध्ये ती निवृत्त झाली. तिच्यावरील ‘हॉक प्लस’ या ध्रुवणमापकाने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा नकाशा घेतला. त्याच्या मागच्या ढगातील सर्वांत खळबळजनक भागात चंद्रशेखर-फर्मी पद्धतीने सुमारे एक मिलिगॉस इतके क्षेत्र निघाले. ते १९५३ च्या भुजेच्या आकड्याच्या शंभरपटीहून अधिक आहे.

या मोजणीला एवढे महत्त्व का?

आकाशगंगेत तारे घडवण्याइतका वायू भरपूर आहे. केवळ गुरुत्वाकर्षणाचे राज्य असते, तर हे ढग लवकर कोसळून ताऱ्यांचा पूरच आला असता. प्रत्यक्षात वर्षाला सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचेच नवे तारे बनतात. कोणी तरी लगाम धरला आहे. वायूची खळबळ, तरुण ताऱ्यांचे झोत आणि चुंबकीय क्षेत्र हे त्यातले मुख्य संशयित. चंद्रशेखर आणि फर्मी यांनी दुसऱ्या निबंधात नेमका हाच प्रश्न घेतला होता. क्षेत्र पुरेसे प्रबळ असेल तर ते गुरुत्वाकर्षणाला रोखून धरू शकते, हे त्यांनी गणिताने दाखवले. आज एखाद्या ढगात तारे जन्मतील की नाही याचा अंदाज बांधताना संशोधक वस्तुमान आणि चुंबकीय क्षेत्राचे गुणोत्तर काढतात.

पद्धतीला मर्यादाही आहेत. क्षेत्राचा आकाशाच्या प्रतलातील भागच तिच्यातून कळतो, आपल्या दिशेने असलेला नाही. एकाच रेषेत मागे-पुढे दोन ढग असतील, तर दिशांची सरमिसळ होते. ढगाच्या घनतेचा अंदाज चुकला तर उत्तरही चुकते. संगणकावर ढगांची प्रतिरूपे बनवून तपासल्यावर मूळ सूत्र क्षेत्र जास्त दाखवते असे आढळले, म्हणून उत्तर साधारण निम्मे करण्याची प्रथा पडली. एवढ्या दुरुस्त्या होऊनही पद्धत टाकून दिलेली नाही. धुळीच्या ध्रुवीकरणावरून क्षेत्राचा जोर काढण्याचा इतका सोपा दुसरा मार्ग नाही.

महाराष्ट्राशी नाते

केंब्रिजपासूनचे मित्र होमी भाभा यांनी चंद्रशेखर यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणण्याचा प्रयत्न केला होता. ते आले नाहीत, पण भारताशी असलेला धागा तुटला नाही. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २८ डिसेंबर १९९२ रोजी पुण्याच्या ‘आयुका’चे लोकार्पण त्यांच्याच व्याख्यानाने झाले. तेथील सभागृहाला आज त्यांचे नाव आहे.

त्याच ‘आयुका’त नव्वदच्या दशकात ध्रुवणमापक कॅमेरा तयार झाला आणि माउंट अबू येथील दुर्बिणीला जोडून काळ्या ढगांच्या मागील ताऱ्यांचे ध्रुवीकरण मोजण्यात आले. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे ‘आयुका’ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. ‘पासिफाय’ या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणासाठी एकाच वेळी आकाशाचा मोठा तुकडा टिपणाऱ्या ‘वालोप’ या ध्रुवणमापकांचे कामही ‘आयुका’कडेच आले.

मराठवाड्याशीही चंद्रशेखर यांच्या कामाचा एक दुवा आहे. सत्तरच्या दशकात ते कृष्णविवरांकडे वळले. धक्का बसलेले कृष्णविवर घंटेसारखे कसे निनादते, याचे गणित त्यांनी १९७५ मध्ये स्टीव्हन डेटवायलर यांच्यासह मांडले. गुरुत्वीय लहरींत असाच निनाद ऐकण्यासाठीचा भारतातील प्रकल्प, ‘लायगो-इंडिया’, हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे मंजूर झाला आहे.

भाकिताचे पुढे काय झाले?

१९५२ ते १९७१ अशी १९ वर्षे चंद्रशेखर यांनी ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादन केले. एडिंग्टन प्रसंगानंतर ४८ वर्षांनी, १९८३ मध्ये, विल्यम फाउलर यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. २१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागोत वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये ‘नासा’ने सोडलेल्या क्ष-किरण दुर्बिणीला ‘चंद्रा’ हे नाव देण्यात आले.

आणि १९४६ चे ते मूळ भाकीत? ते चुकलेले नव्हते. फक्त पकडायला फार सूक्ष्म होते. नोबेलच्याच वर्षी, १९८३ मध्ये, ययाति तारकासमूहातील अल्गोल या ग्रहणी ताऱ्यात त्याचा पुरावा मिळाला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मघा ताऱ्यातही तोच परिणाम मोजला. मघा इतक्या वेगाने फिरतो की तो गोल न राहता चपटा झाला आहे. त्यामुळे त्याच्या कडांचा परिणाम पूर्ण शून्य होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळनंतर हा तारा संभाजीनगरच्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो. त्याच्या प्रकाशातली खूण वाचायला मात्र ७१ वर्षे लागली.